नुसता ऐकलेला 'रे'

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांना ताण नको, म्हणून लेकीने 'रे' लावून दिला आणि म्हणाली, "आई, बघू नकोस, नुसता ऐक." गायक रे चार्ल्सच्या आयुष्यावरचा हा 2004चा सिनेमा मी पूर्वी पाहिला होता. गाणी तर तोंडपाठच.

पण मी थांबले ती संवादांपाशी. काचबिंदूने दृष्टी जाऊ लागलेल्या पोराला आई बजावते, कुणालाही तुला पांगळं करू देऊ नकोस. मग एकदा तो घरात धडपडून पडतो, आईला हाका मारतो. ती दोन पावलांवर उभी, तरी गप्प! हळूहळू त्याचं रडं थांबतं. चुलीवरच्या किटलीचा आवाज येतो, कुठूनसा रातकिडा. तो चाचपडत रातकिडा पकडतो, कानाशी धरतो. आणि म्हणतो, आई, मला तूही ऐकू येतेस.

पहिल्यांदा पाहताना तिचे डोळे भरून आलेले दिसले होते. या वेळी माझ्या वाट्यालाही त्या पोराइतकीच शांतता आली. ती तिथे आहे की नाही, कळेना. राग आला तिचा. इतकं कठोर व्हावं का एखाद्या आईने? मला जमलं नसतं. जमायला हवं होतं का, तेही ठाऊक नाही.

रे झालेल्या जेमी फॉक्सला ऑस्कर मिळालं, ते रास्तच. पण आई झालेल्या शॅरन वॉरनला साधं नामांकनही नाही, हे मला आजही पटत नाही.