अकरा पुतळ्या



सध्या मुक्काम चंडीमंदिरला आहे, चंडीगडच्या शेजारी. युनिटचं नाव लिहीत नाही, कारण जुन्या वाचकांना माहीत आहे. इथे बर्फ नाही, बंकर नाही, रात्रीची स्टँड-टू नाही. सकाळची पीटी, दिवसभर ऑफिसचं काम, संध्याकाळी रोलकॉल. इतक्या वर्षांच्या फील्डनंतर ही पीस पोस्टिंग मिळाली, तेव्हा वाटलं होतं की आता डोक्याला शांतता. पण शांत ठिकाणी घरचे फोन जास्त लागतात.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं. आप्पा आधीच गेले होते, आई गेल्या वर्षी गेली. आम्ही तीन भावंडं: दादा, ताई आणि धाकटा मी. जमिनीची वाटणी भांडण न होता झाली. विहीर सामाईक राहिली, मोटरीच्या पाळ्या ठरल्या. राहिली ती आईची पुतळ्यांची माळ. तिच्यात अकरा पुतळ्या, आणि वाटेकरी तीन.

शनिवारी रात्री दादाचा फोन आला. "अरे, अकराचे तीन सारखे वाटे होत नाहीत. सोनाराकडे मोडू आणि वजनावर वाटू. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको."

दादा लोभी नाही. कांद्यानं यंदा त्याला झोपवलंय, पोरीची कॉलेजची फी भरायची आहे. हिशोब सरळ होता. मी "बरं, सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि झोप लागली नाही.

रविवारी आउटपास घेतला आणि चंडीगडला सेक्टर १० मधल्या सरकारी संग्रहालयात गेलो. फार आवड म्हणून नाही. बाजारात गेलो असतो तर पैसे गेले असते, आणि बॅरकमध्ये बसलो असतो तर तोच विचार. ही इमारत ल कॉर्बुझिएनं आखलेली, १९६८ साली उघडलेली. आत उजेड वरून झिरपत येतो, आवाज कमी, गर्दी त्याहून कमी. आणि समोर रांगेनं करड्या दगडातले बुद्ध आणि बोधिसत्त्व. ही गांधार शैलीची शिल्पं. पेशावर, स्वात, तक्षशिला या टापूतली. इथे ती सहाशेच्या वर आहेत, नेमकी ६२७.

पेशावरच्या मूर्ती चंडीगडला कशा? तर वाटणीत आल्या. हे सगळं आधी लाहोरच्या संग्रहालयात होतं. फाळणी झाली आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये त्या संग्रहाचे वाटे पडले. साठ टक्के पाकिस्तानला, चाळीस टक्के भारताला. आपल्या वाट्याच्या पेट्या अमृतसर, सिमला, पतियाळा असं करत शेवटी इथे पोचल्या. सिक्रीचा तो हाडांचा सापळा झालेला उपाशी बुद्ध लाहोरलाच राहिला. हे चंडीगड शहर तरी वेगळं काय? लाहोर तिकडे गेलं, पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून शेतात नवं शहर आखलं. वाटणीतून जन्मलेल्या शहरात वाटणीतून आलेले देव उभे आहेत.

आणखी एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती, ती तिथे आठवली. मोहेंजोदडोचा एक हार होता, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. तोही वाट्याला लागला, तेव्हा सुटा करून त्याचे मणी दोन देशांत वाटले. एक भाग दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, दुसरा पाकिस्तानात. हिशोब बरोबर झाला. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. फक्त हार राहिला नाही.

दादाचं वाक्य कानात परत वाजलं.

मग मी एका बोधिसत्त्वापुढे बराच वेळ उभा राहिलो. त्याला मिशी आहे. आपल्याकडे बुद्धाच्या गोष्टीत मिशी बसत नाही, पण ह्याला शोभते. खांद्यावरून उतरणाऱ्या वस्त्राच्या चुण्या ग्रीक-रोमन पुतळ्यांसारख्या खोल. दागिने इराणी-मध्य आशियाई सरदाराच्या थाटाचे, गळ्यात एकावर एक माळा. चेहरा कुणा पश्चिमेकडच्या देवाचा, गोष्ट मगधातली, दगड स्वातकडचा. आता याची वाटणी करायची तर कशी करणार? चुण्या ग्रीसला, माळा इराणला आणि गोष्ट बिहारला?

अशी मूर्ती घडायला रस्ता लागतो. गांधार म्हणजे खिंडींचा प्रदेश. चीनकडून, बल्खकडून येणारे तांडे याच खिंडींतून उतरायचे. वर कुषाणांचं राज्य. कनिष्काच्या नाण्यांवर एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला कधी इराणी मिथ्र, कधी नाना देवी, कधी शिवासारखा दिसणारा ओएशो, आणि थोड्या नाण्यांवर चक्क बुद्ध, शेजारी ग्रीक अक्षरांत 'बोड्डो' लिहिलेलं. राजा काही भाबडा नव्हता. ज्या रस्त्यावर दहा देवांची माणसं चालतात, तिथलं नाणं दहाही जणांना चाललं पाहिजे. बौद्ध विहारही या वाटांना धरूनच वाढले. व्यापारी दान द्यायचे, विहार आसरा द्यायचे. धर्म व्यापाऱ्याच्या पाठीवर बसून गेला आणि व्यापारी धर्माच्या आसऱ्याला थांबला.

हे वाचून तुम्ही म्हणाल, हा गडी पेशावरच्या गोष्टी सांगतोय, जुन्नरचा काय संबंध? संबंध आहे. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्रवाटेची माहिती लिहून ठेवली, तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात भडोच बंदराचं वर्णन आहे. तिथे गांधारातल्या पुष्कलावतीकडून जटामांसी उतरायची, आणि त्याच बंदरात दक्षिणेकडून पैठणचे रंगीत खडे आणि तेरचं कापड गाड्यांतून यायचं. म्हणजे गांधारचा माल आणि आपल्या मराठवाड्याचा माल एकाच गोदीवर शेजारी शेजारी पडलेला.

आणि आमचा नाणेघाट तर घरचाच. लहानपणी आप्पांबरोबर गेलो होतो. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीचे पैसे त्यात टाकायचे असं गावात सांगतात. तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. खाली कोकण, कल्याण, सोपारा. वर जुन्नर, पुढे पैठण. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. त्यातल्या इरिल नावाच्या एकानं काय दिलं? पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी. कुठून आलेला माणूस, त्यानं आमच्या डोंगरात दगड फोडून घेतला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला पाणी ठेवलं. आमच्या विहिरीचा शब्द वापरायचा तर ते पाणी सामाईक.

आता तो काळ रामराज्य होता असं मी म्हणत नाही. पेरिप्लसमध्येच लिहिलंय की सत्ता बदलल्यावर कल्याणला लागलेली ग्रीक जहाजं कधी कधी पहाऱ्यात भडोचला नेली जायची. क्षत्रप आणि सातवाहन यांची या घाटांसाठीच मारामारी होती. घाट ज्याचा, जकात त्याची. पण त्या मारामारीचीही एक खूण फार बोलकी आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. क्षत्रप नहपानाची. जिंकल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीनं त्यातल्या बहुतेक नाण्यांवर आपला ठसा मारला, पण ती वितळवली नाहीत. शत्रूचा चेहरा खाली, आपली खूण वर, आणि नाणं पुन्हा बाजारात. हरवलेला आणि जिंकलेला, दोघंही एकाच तुकड्यावर आजही वाचता येतात.

बॅरकवर आलो आणि ताईनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला माळेचा फोटो उघडला. वजनासाठी काढलेला फोटो, सगळ्या पुतळ्या ओळीनं. आयुष्यभर आईच्या गळ्यात पाहिल्या, पण नीट बघितल्या नव्हत्या. मोठ्या करून पाहिल्या. एका बाजूला दोन आकृत्या. एक उभी, दुसरी तिच्यापुढे गुडघे टेकलेली, मध्ये काठीसारखं काहीतरी. दुसऱ्या बाजूला लंबगोल चौकटीत एक आकृती, भोवती ठिपके. कडेला अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा. आई म्हणायची, "ही लक्ष्मी आणि हा तिचा भक्त."

ती लक्ष्मी नाही. हा व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्याचा, डुकाटचा, नमुना आहे. १२८४ साली सुरू झालं ते नाणं, साडेतीन ग्रॅमचं, आणि व्हेनिसचं राज्य १७९७ साली संपेपर्यंत त्याचं चित्र बदललं नाही. त्यावर संत मार्क उभा आणि व्हेनिसचा प्रमुख त्याच्यापुढे गुडघ्यावर, मध्ये झेंड्याची काठी. मागे ताऱ्यांच्या वेढ्यात येशू ख्रिस्त. मिरी-मसाल्याच्या बदल्यात हे सोनं इजिप्त, तांबडा समुद्र करत आपल्या किनाऱ्यावर उतरायचं. त्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून आपल्या लोकांनी नाव ठेवलं पुतळी. पुढे आपल्या सोनारांनी त्याच चित्राच्या नकला ठोकल्या. लॅटिन वाचता येत नव्हतं, म्हणून अक्षरांच्या रेघा झाल्या. आईची माळ अशा नकलांचीच आहे.

म्हणजे जुन्नरच्या शेतकऱ्याची बायको, दर एकादशीला उपास करणारी, वारीला जाऊन आलेली, गळ्यात ख्रिस्ती संत आणि येशू घालून चाळीस वर्षं भाकऱ्या थापत होती. आणि त्यानं ना तिचा विठोबा बाटला, ना तो संत. मला हसू आलं आणि मग जरा वेळ बोलताच येईना.

मी फौजी आहे. काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर उभा राहिलोय. समोरच्या गावातला दिवा लागलेला दिसायचा, कुत्रं भुंकलेलं ऐकू यायचं, आणि माझं काम एकच होतं, खिंडीतून कुणी येऊ द्यायचं नाही. ते काम मी मनापासून केलं, उद्या बोलावलं तर परत करीन. एकदा वाटणी झाली की बांध राखावाच लागतो, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. पण जमीन वाटता येते म्हणून सगळंच वाटायचं का, हा प्रश्न मला त्या मिशीवाल्या बोधिसत्त्वानं विचारला. आमची विहीर सामाईक का राहिली? कारण ती कापता येत नाही. माळ कापता येते, एवढाच तिचा गुन्हा.

रात्री दादाला फोन लावला.

"दादा, माळ मोडायची नाही. तुझ्या वाट्याचं सोनं आजच्या भावानं किती होतं ते सोनाराला विचार. तेवढे पैसे मी माझ्या बचतीतून पाठवतो. पोरीची फी भर. ताईशी बोललोय, तिला तिच्या वाट्याचे पैसे नकोत. माळ तिच्याकडे राहील, पण मालकी तिघांची. घरातल्या प्रत्येक पोरीच्या लग्नात ती माळ निघेल. सामाईक. विहिरीसारखी."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

"पैसे परत करीन," दादा म्हणाला.

"करू नकोस."

"अरे, करीन म्हटलं ना. आणि तुला कसं सुचलं रे हे, एका दिवसात?"

मी म्हटलं, "संग्रहालयात गेलो होतो."

"संग्रहालयात जाऊन माणसाला स्वतःचे पैसे द्यावेसे वाटतात होय? मग मी नाही येत चंडीगडला," असं म्हणून तो हसला. आई गेल्यापासून त्याला फोनवर हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

त्या दोन आकृत्या कोण आहेत, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या सुट्टीत सांगीन, आईच्या फोटोपुढे बसून. तोवर तिची लक्ष्मी लक्ष्मीच राहू दे.

चंडीगडला आलात तर सेक्टर १० ला जरूर जा. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

जय हिंद.