रेघेबाहेरचा माणूस

वस्ताद आपल्या पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक डाव मात्र स्वतःपाशी राखून ठेवतो, असे आपल्याकडे म्हणतात. कोल्हापूरच्या तालमींचे वारे दूधगंगा-वेदगंगा ओलांडून आमच्या निपाणी-चिकोडीपर्यंत पूर्वापार वाहत आले असल्यामुळे हे वचन आमच्या भागातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. त्यात थोडा विनोद आहे, थोडा धूर्तपणाही आहे. पण त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. शिकवणाऱ्याचे मोल त्याने हातचे राखलेल्या ज्ञानामुळे असते काय? आणि तसे असेल, तर ज्या काळात कोणताच डाव झाकलेला उरला नाही, त्या काळात वस्तादाचे काय करायचे?

हा प्रश्न मला पडला तो कुस्तीमुळे नव्हे, फुटबॉलमुळे; आणि फुटबॉल आमच्या घरात शिरला तो धाकट्या चिरंजीवांच्या पायांनी. कॉलेजला कोल्हापुरात असताना तो खेळत असे. पुढे गुडघा दुखावला आणि खेळणे सुटले. पदवी घेऊन तो इकडे परतला, एका खाजगी कचेरीत हिशेब लिहू लागला. गेली दोन वर्षे मात्र रोज पहाटे तो गावातल्या पंचवीस-तीस मुलांना मोकळ्या माळावर फुटबॉल शिकवतो आहे. गेल्या दिवाळीत त्याने जाहीर केले, "आई, मी नोकरी सोडून प्रशिक्षक व्हायचं म्हणतोय." आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले, मुलाकडे पाहिले आणि पुन्हा वर्तमानपत्र उचलले. याहून तीव्र निषेध आमच्या घरात कधी नोंदवला जात नाही.

मी ३६ वर्षे मराठी शाळेत शिकवले. ज्या विषयाची माहिती नाही त्यावर मत देऊ नये, ही सवय अंगी मुरलेली. म्हणून रात्री जेवणे आटोपल्यावर मी मोबाईल घेऊन इंटरनेटवर या व्यवसायाचा अभ्यास आरंभला. इंटरनेटचे वाचन म्हणजे आठवड्याच्या बाजाराला जाण्यासारखेच. 'ऑफसाईड' म्हणजे काय ते शोधायला निघावे आणि पाऊण तासाने गुलाबावरच्या माव्याचा उपाय घेऊन परतावे! तरीही चिकाटीने बसले की पिशवीत काही ना काही पडतेच.

पहिली गोष्ट कळली ती ही की हे काम आता केवळ हौसेचे राहिलेले नाही. आपल्या राष्ट्रीय महासंघाचा 'डी' परवाना, मग आशियाई महासंघाचे 'सी', 'बी', 'ए' आणि सर्वांत वर 'प्रो', अशा पायऱ्या आहेत. दुसरी गोष्ट अधिक नवलाची. उत्तम प्रशिक्षक होण्यासाठी आधी नामांकित खेळाडू असावे लागतेच असे नाही. इटलीचे आरिगो साक्की हे व्यावसायिक फुटबॉल कधी खेळले नाहीत. वडिलांच्या धंद्यात त्यांनी बूट विकले. आणि त्याच गृहस्थांच्या हाताखाली मिलान संघाने १९८९ आणि १९९० असा सलग दोन वर्षे युरोपियन करंडक जिंकला. घोडेस्वार होण्यासाठी पूर्वी घोडा असावे लागत नाही, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे.

पण मन रमले ते आपल्या सय्यद अब्दुल रहीम यांच्यापाशी. हैदराबादचे हे रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर! १९५० पासून १९६३ मध्ये निधन होईपर्यंत ते भारताच्या संघाचे प्रशिक्षक होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपला संघ चौथा आला तो त्यांच्याच काळात. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला ०-२ असे हरवले. पुढच्या सामन्यात बचावफळीतला भक्कम खेळाडू जर्नेलसिंग याचे डोके फुटून टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला घरी बसवले नाही आणि मागेही ठेवले नाही. उपांत्य सामन्यात त्याला थेट आघाडीला उभे केले. अंतिम सामना पुन्हा त्याच दक्षिण कोरियाशी होता. तो आपण २-१ असा जिंकलो, आणि दोहोंपैकी एक गोल जर्नेलसिंगचा होता. जखमी माणसात अजून काय शिल्लक आहे, हे त्या मास्तरांनी पाहिले होते. त्या वेळी ते स्वतः कर्करोगाने ग्रासलेले होते. पुढच्याच वर्षी गेले.

आमच्यापासून कोल्हापूर काही दूर नाही. तिथे तर तालीम आणि फुटबॉल यांचा संसार एकाच छपराखाली चालतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे मूळची तालमींची; पण शाहू स्टेडियमवर ती फुटबॉलच्या संघांची म्हणून गर्जतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. त्या संघाला शिकवायला पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस आले होते. तांबड्या मातीच्या गावातल्या मुलाला सातासमुद्रापलीकडचा वस्ताद मिळाला, हे वाचून मला मोठी मौज वाटली.

त्याच वाचनात व्यवसायाची दुसरी बाजूही दिसली. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इगोर श्टिमाच यांना जून २०२४ मध्ये दूर करण्यात आले. त्यांच्यानंतर आलेले मानोलो मार्केस वर्षभरातच गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये ती जागा खालिद जमील यांना मिळाली. जिथे थोरामोठ्यांची ही गत, तिथे चिकोडीच्या माळावरच्या पोराची काय कथा? पगार बेभरवशाचा, म्हातारपणाची तरतूद नाही. आमच्या वन्सं एक स्थळ घेऊन आल्या होत्या. मुलीच्या वडिलांनी विचारले, "मुलगा काय करतो?" मी म्हटले, "मुलांना फुटबॉल शिकवतो." ते म्हणाले, "ते झालं हो, पण करतो काय?" स्थळ तिथेच थांबले. आईच्या काळजाला हे प्रश्न बोचतात, आणि कोणत्याही परवान्याने ते मिटत नाहीत.

एका पहाटे मी माळावर जाऊन बसले. मुले निम्मी मराठी, निम्मी कन्नड. "दे रे, दे!" आणि "कोडू, कोडू!" अशा दोन्ही हाका एकाच चेंडूमागे धावत होत्या, आणि चेंडूला दोन्ही भाषा कळत होत्या. एक मुलगा मोबाईलवर पाहिलेली कुण्या जगप्रसिद्ध खेळाडूची लाथ हुबेहूब मारू पाहत होता. धावण्याची ऐट तीच, हात पसरणे तेच. चेंडू मात्र दरवेळी आभाळात. आमचा हा त्याच्यापाशी गेला, खाली वाकला आणि त्याचा टेकवलेला पाय हाताने धरून चार बोटे पुढे सरकवला. पुढची लाथ जमिनीलगत गेली.

त्या चार बोटांत मला वस्तादाच्या वचनाचे उत्तर सापडले. त्या मुलाच्या मोबाईलमध्ये जगातले सगळे डाव होते. कुणीही काही राखून ठेवले नव्हते. मोबाईलने त्याला सारे दाखवले होते, पण त्याच्याकडे पाहिले कुणी नव्हते. दाखवणे आणि पाहणे यांतले हे अंतर मी ३६ वर्षे फळ्यापुढे उभे राहून अनुभवले आहे. बाराखडी पुस्तकात असतेच. पण कुणाचे 'ण' कुठे अडते, हे मास्तरांनाच पाहावे लागते.

घरी आल्यावर त्याने आपली वही पुढे ठेवली. हिशेबनिसाचीच वही, आखीव. प्रत्येक पानावर एका मुलाचे नाव. खाली खेळाविषयी दोन ओळी, आणि मग अशा नोंदी: 'उपाशी येतो, आधी केळे द्यावे.' 'हरला की रडतो, त्या वेळी बोलू नये.' 'वडिलांसमोर बिचकतो.' माझ्या वर्गाच्या वह्या अशाच असत. कुणी सांगितले नव्हते, तरी असत.

सामना सुरू झाला की प्रशिक्षकाला पांढऱ्या रेघेबाहेर उभे राहावे लागते. आत जाऊन चेंडूला पाय लावण्याची त्याला मुभा नाही. जे काही द्यायचे ते आधीच देऊन टाकलेले असते. राखून ठेवलेला डाव त्याच्या काय कामाचा? आईबापांचीही एक रेघ असते. तिच्या आतला सामना आता मुलाचा आहे.

शेवटी घरात ठरले ते असे: 'डी' परवान्याचा अभ्यासक्रम रजा काढून करावा, नोकरी वर्षभर सोडू नये, आणि पुढचे पुढे पाहावे. फीचे पैसे माझ्या निवृत्तिवेतनातून जातील. ह्यांनी अजून होकार दिलेला नाही. मात्र काल सकाळी बाजारातून येताना त्यांनी दोन डझन केळी आणली, आणि पिशवी मुकाट्याने मुलाच्या बुटांशेजारी ठेवली.