नक्कल आणि जतन

नक्कल करणे हे आपल्याकडे कधीच हलके काम मानले गेले नाही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. चांगल्या नकलेवर ग्रंथाचे आयुष्य अवलंबून असे.

सांप्रत हे काम संगणकाकडे आले आहे. इंदूरच्या आम्हां काही मंडळींनी घरोघरची जुनी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या व लग्नपत्रिका यांची छायाचित्रे काढून ती सर्व्हरवर ठेवली. ती एका डिरेक्टरीतून, म्हणजे संगणकाच्या एका कप्प्यातून, दुसऱ्या कप्प्यात रोज हाताने उतरविणे जिकिरीचे. शिवाय कोणी लग्नकार्याला गेले की खंड पडणारच. म्हणून आमच्यातील एका तरुणाने चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. तिच्यात अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांचा १९९६ सालचा ‘आरसिंक’ हा प्रोग्राम योजला आहे. फाइलींचा आकार व बदलाची वेळ ताडून तो नवे वा बदललेले तेवढेच नेतो. ‘क्रॉन’ नावाचा रखवालदार त्याला रात्री दोन वाजता कामाला लावतो.

आमच्या परिचयाच्या एका संस्थेत मात्र हीच सोय भोवली. ‘मुळात जे नाही, ते नकलेतूनही काढून टाकावे,’ अशी आज्ञा तेथील स्क्रिप्टमध्ये होती. एके दुपारी कोणाच्या तरी हातून पत्रांचा अख्खा कप्पा पुसला गेला. रात्री यंत्राने तो नकलेतूनही इमानाने पुसला. मूळ कागद वाळवीने केव्हाच फस्त केले होते. दोन पिढ्यांचे हस्ताक्षर गेले ते गेलेच. यंत्राने सांगितले तेवढेच केले होते.

अशी नक्कल म्हणजे आरसा. समोरचा माणूस गेला की आरशातलाही जातो. जतनासाठी तिजोरीच हवी. यासाठी आम्ही रोजची नक्कल त्या त्या तारखेच्या कप्प्यात ठेवतो. न बदललेल्या फाइलींना पुन्हा जागा लागू नये, अशी व्यवस्था आरसिंकमध्येच आहे. स्क्रिप्टमध्ये फेरफार केल्यास, प्रत्यक्ष काही न हलविता काय होईल ते दाखविणारी रंगीत तालीमही तो करतो. एक प्रत दुसऱ्या गावी असते.

वाचकहो, महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या घराण्यांचा इतिहास बहुधा अशा कागदांतच आहे. म्हणून महिन्यातून एकदा आम्ही नकलेतले एखादे पत्र उघडतो आणि वडीलधाऱ्यांकडून मोठ्याने वाचून घेतो. वाचता आले, तरच ते जतन झाले असे आम्ही समजतो.