जोड कुणी लावायची?

रविवारी सकाळी आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, कांदेपोहे आणि दुसरी, आप्पा आणि त्यांचा नातू यांचं भांडण. आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे सांगलीकडचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. हल्ली आमच्याकडेच असतात. नातू बारा वर्षांचा, टेबल टेनिस खेळणारा आणि जगातलं सगळं मोबाइलवर पाहून झालेलं आहे अशी खात्री असलेला.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी भांडण निघालं ते थेट अमेरिकेतल्या मुष्टियुद्धावरून.

"आप्पा, हा बघा फ्लॉइड मेवेदर! पन्नास लढती, पन्नास विजय. एकदासुद्धा हरला नाही."

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "असेल. पण कुणाकुणाशी लढला, ते सांग आधी."

झालं! पोहे गार होईपर्यंत वाद चालला. आप्पांचा आक्षेप एकाच नावावर होता, मॅनी पॅकियाओ. फिलिपिन्सचा हा छोट्या चणीचा वीर आठ वेगवेगळ्या वजनगटांत विश्वविजेता झाला. २००९ च्या अखेरीस तो आणि मेवेदर दोघेही ऐन भरात होते. दोघांची लढत व्हावी म्हणून जग वाट बघत होतं. बोलणी सुरू झाली आणि फिसकटली. मेवेदरच्या बाजूनं रक्ताच्या अचानक चाचण्यांची अट घातली, पॅकियाओच्या बाजूला ती जशीच्या तशी मान्य नव्हती. मग कधी चाचण्या, कधी पैशांची वाटणी, कधी आणखी काही. "पुढच्या वर्षी" म्हणता म्हणता पाच वर्षं गेली. अखेर २ मे २०१५ ला लास व्हेगासमध्ये दोघे समोरासमोर आले, तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा होता आणि पॅकियाओ ३६ चा. मधल्या काळात, २०१२ मध्ये, पॅकियाओ दोनदा हरला होता. त्यातल्या दुसऱ्या लढतीत तर मार्केझच्या एका ठोशानं तो तोंडावर पडला होता. मेवेदर गुणांवर सहज जिंकला. पैसा अफाट मिळाला, पण लोक जांभया देत घरी गेले.

"आंबा उतरून गेल्यावर खाल्ला, तर त्याला काय चव?" आप्पा म्हणाले. "आणि तुझी ती पन्नासावी लढत! समोरचा कोण होता?"

नातू जरा अडखळला. २०१७ ची ती लढत कॉनर मॅकग्रेगरशी होती. हा गडी मिश्र मार्शल आर्ट्समधला नामांकित, पण व्यावसायिक मुष्टियुद्धाची एकही लढत आधी न खेळलेला.

"वासरांत लंगडी गाय शहाणी!" आप्पांनी निकाल देऊन टाकला.

पण नातूही काही कमी नव्हता. मेवेदरनं ऑस्कर डी ला होयाला हरवलं, मोस्लीला हरवलं, कोट्टोला हरवलं. २०१३ मध्ये तेवीस वर्षांच्या, तोवर अपराजित असलेल्या कॅनेलो अल्वारेझला हरवलं. ही काय वासरं होती? मुद्दा बिनतोड होता. आप्पांनी पोह्यांत लिंबू पिळायला घेतलं.

मी वृत्तपत्रविद्येची पदविका घेतलेली बाई. वाद दिसला की दोन्ही बाजू मांडायची सवय जडलेली. म्हणून मध्ये पडले.

टेनिसमध्ये, ऑलिंपिकमध्ये सोडत निघते आणि समोर येईल त्याच्याशी खेळावं लागतं. व्यावसायिक मुष्टियुद्धाचं तसं नाही. तिथं एकाच वजनगटात चार मोठ्या संघटनांचे चार पट्टे. कोण कुणाशी लढणार हे खेळाडू, त्यांचे व्यवस्थापक, लढती भरवणारे प्रवर्तक आणि दूरचित्रवाणी कंपन्या यांच्या बोलण्यांतून ठरतं. एक पराभव झाला की पुढच्या लढतीची किंमत उतरते. आणि डोक्यावर बसलेले ठोसे म्हातारपणीही पाठ सोडत नाहीत. कुटुंब असलेला माणूस धोका मोजूनमापून घेणारच. आपणही नोकरी बदलताना दहा वेळा विचार करतोच की!

शिवाय सोपा वाटणारा प्रतिस्पर्धी सोपा निघेलच असं नाही. जो लुईसनं १९४० चा डिसेंबर ते १९४१ चा जून या काळात जवळजवळ दर महिन्याला एक लढत दिली. वृत्तपत्रांनी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची "दर महिन्याला एक भणंग" म्हणून टर उडवली. पण मे महिन्यात बडी बेअरनं लुईसला दोरांबाहेर फेकलं आणि जूनमध्ये वजनानं खूप हलका असलेला बिली कॉन बाराव्या फेरीअखेर गुणांवर त्याच्या पुढे होता! तेराव्या फेरीत लुईसनं त्याला लोळवलं म्हणून विजेतेपद वाचलं.

"म्हणजे कुणाशीही लढलं तरी चालतं," नातू खूश झाला.

"थांब," मी म्हटलं, "अजून एक गोष्ट आहे."

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सर्वांत वरच्या वजनगटाची अंतिम लढत कॅनडाचा लेनॉक्स लुईस आणि अमेरिकेचा रिडिक बो यांच्यात झाली. लुईसनं दुसऱ्याच फेरीत ती जिंकली. पुढे दोघेही व्यावसायिक झाले. नोव्हेंबर १९९२ मध्ये बोनं होलीफिल्डला हरवून जगज्जेतेपद मिळवलं. नियमाप्रमाणे आता लुईसशी लढणं भाग होतं. पैशांच्या वाटणीवरून बोलणी अडली आणि त्या डिसेंबरात लंडनमध्ये, वार्ताहरांसमोर, बोनं एका संघटनेचा मानाचा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला! नियम पट्टा काढून घेऊ शकतो. पण जो स्वतःच पट्टा टाकून देतो, त्याचं नियम काय करणार?

त्यानंतर १९९३ मध्ये बो उतरणीला लागलेल्या डोक्सशी लढला आणि पहिल्या फेरीत जिंकला. मग फर्ग्युसनशी लढला, दुसऱ्या फेरीत जिंकला. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत पराभव एकच. लुईसच्या खात्यावर मात्र दोन आहेत. पण ज्या दोघांनी त्याला हरवलं, त्या दोघांनाही त्यानं पुन्हा समोर उभं केलं आणि हरवलं. बो आणि लुईस व्यावसायिक रिंगणात कधीच भेटले नाहीत. बोचं नाव निघालं की आजही लोकांना तो कचऱ्याचा डबा आठवतो.

"आमच्या गावच्या जत्रेत पंच जोड लावायचे," आप्पा हळूच म्हणाले. "ज्याची जोड तो स्वतःच निवडतो, त्याला आपण खरंच किती पाण्यात आहोत ते कधी कळत नाही."

यावर नातू काहीच बोलला नाही. बशी घेऊन आत गेला. तो गप्प का झाला, ते मला ठाऊक होतं.

सोसायटीच्या गणेशोत्सवातली टेबल टेनिसची स्पर्धा तो सलग तीन वर्षं जिंकला आहे. सरांनी जिल्हा निवड स्पर्धेचा अर्ज दिला होता. तो दोन आठवडे फ्रिजवर पडून होता. विचारलं की उत्तर एकच, "पुढच्या वर्षी." कारण त्या स्पर्धेत दुसऱ्या शाळेतला एक डावखुरा मुलगा येणार होता. सरावाच्या सामन्यात त्यानं आमच्या चिरंजीवांना ३-० असं धुतलं होतं.

दुपारी मी त्याच्याशी बोलायला गेले, तर त्यानंच मला अडवलं. कपाटातल्या वादविवादाच्या चषकाकडे बोट दाखवून म्हणाला, "आई, तू तर पहिली आलीस. तुला काय कळणार?"

त्या चषकाची गोष्ट मी आजवर घरात कुणालाच सांगितली नव्हती. पदविकेच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसऱ्या महाविद्यालयातली एक मुलगी यायची. मुद्दा असा मांडायची की समोरच्याला बोलायला जागाच उरू नये. त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेत आमची गाठ पडणार होती. आदल्या दिवशी मी घसा बसल्याचं कारण सांगून नाव मागे घेतलं. आठवड्यानं एका लहानशा स्पर्धेला गेले. तिथं ती येणार नव्हती, हे मी आधी विचारून घेतलं होतं. हा चषक तिथला.

हे सगळं मी त्याला सांगितलं. सांगताना कान तापले. आईनं मुलासमोर लहान व्हावं का, असा प्रश्नही मनात आला. पण चषक पुसताना दर दिवाळीला जे टोचायचं, ते त्या दिवशी बाहेर पडलं.

तो चषकाकडे बघत बसला. मग म्हणाला, "ती जास्त चांगली होती की तू?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "तेच तर कधी कळलं नाही."

त्यावर तो काही बोलला नाही. संध्याकाळी अर्ज माझ्यापुढे आला. पालकांच्या सहीची जागा सोडून बाकी सगळं भरलेलं होतं.

स्पर्धा मागच्या रविवारी झाली. दुसऱ्याच फेरीत तो डावखुरा समोर आला. रिक्षातून परत येताना चिरंजीव खिडकी नसलेल्या बाजूला मान वळवून गप्प बसले होते. मीही काही विचारलं नाही. आप्पा दारातच उभे होते.

"काय झालं रे?"

"हरलो. ३-१." बूट काढता काढता त्यानं मान वर केली. "पण एक गेम घेतला, आप्पा. आणि शेवटचा गेम अकरा-नऊ झाला."

आप्पांनी त्याच्या हातातली बॅट घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "मग आता खरी जोड लागली म्हणायची."