म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण...

माझं नोकरीतलं काम पेमेंटचं. म्हणजे तुम्ही 'पे नाऊ' दाबल्यावर स्क्रीनवर जे गोल गोल फिरतं ना, त्याच्या मागची भानगड आमच्या टीमकडे. त्यामुळे जुलै २०२५ मध्ये स्टीम आणि इच.आयओवरचे गेम गायब व्हायला लागले, तेव्हा सगळे 'सेन्सॉरशिप!' म्हणून ओरडत होते आणि मला मात्र आमची रोजची साखळी दिसत होती.

साखळी अशी. गेम बनवणारा एकटा-दुकटा प्राणी. तो आपला गेम स्टीमवर ठेवतो. स्टीम पैसे घेते पेमेंट प्रोसेसरमार्फत. प्रोसेसरमागे बँक आणि बँकेच्या डोक्यावर व्हिसा-मास्टरकार्ड. यातला प्रत्येक जण वरच्याला घाबरतो. अगदी आपल्या ऑफिससारखं. क्लायंट नुसता खोकला की डायरेक्टर मेल टाकतो, मॅनेजर मीटिंग लावतो आणि शनिवारी कामाला येतो कोण? आपण!

इथल्या खोकल्याचं निमित्त होतं 'नो मर्सी' नावाचा गेम. बाईवरच्या बळजबरीचाच खेळ केलेला. एप्रिल २०२५ मध्ये बोंबाबोंब झाली आणि तो स्टीमवरून गेला. मला त्याचं काडीचं दुःख नाही. पण असे आणखी गेम विकले जातायत म्हणून कलेक्टिव्ह शाउट या ऑस्ट्रेलियातल्या संघटनेने जुलैमध्ये पेपॅल, व्हिसा, मास्टरकार्ड वगैरेंना जाहीर पत्र लिहिलं. लगेच स्टीमच्या नियमांत एक कलम वाढलं: पेमेंट प्रोसेसर, कार्ड नेटवर्क आणि बँकांचे नियम मोडू शकेल असं काही चालणार नाही. म्हणजे नक्की काय चालणार नाही? ते कलमात नाही.

इच.आयओ हे तर हौशी आणि छोट्या डेव्हलपर्सचं हक्काचं दुकान. त्यांनी २४ जुलैला 'ॲडल्ट' शिक्क्याचे सगळे गेम सर्चमधून काढले. सरसकट. गंमत बघा, हा शिक्का डेव्हलपरने स्वतःच लावलेला असतो, लहान पोरांनी चुकून उघडू नये म्हणून. प्रामाणिकपणे पाटी लावली, तोच आधी सापडला!

'वाइल: एक्झ्यूम्ड' नावाच्या एका हॉरर गेमचं बघा. नव्वदच्या दशकातला एक कॉम्प्युटर, त्यातल्या फाइली उघडत जायच्या आणि एका नटीच्या मागे लागलेल्या पुरुषाची विकृती उलगडत जाते. म्हणजे विषय बाईच्या बाजूचाच. तरी स्टीमने तो नाकारला. शेवटी बनवणाऱ्या बाईने ऑगस्टमध्ये तो शेअरवेअर म्हणून फुकट सोडून दिला. वाटलं तर पैसे द्या.

मग नाही म्हणालं कोण? मास्टरकार्डने १ ऑगस्टला जाहीर केलं की आम्ही कुठलाही गेम तपासलेला नाही, कुणावर बंधन घातलेलं नाही. स्टीमवाल्या व्हॉल्व्हचं म्हणणं, मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललंच नाही, पण प्रोसेसर आणि बँकांनी त्यांच्याच ५.१२.७ या नियमावर बोट ठेवलं. ब्रँडच्या अब्रूचा नियम तो. सगळ्यांचं एकच, मी नाही त्यातली अन् कडी लावा आतली!

डेव्हलपर्स वाटा काढतातच. स्टीमवर सोवळी आवृत्ती ठेवायची आणि उरलेला मसाला पॅच म्हणून आपल्या साइटवर, ही युक्ती जुनीच आहे. पण साइट स्वतःची काढली तरी 'पे नाऊ'चं बटण लागतंच. इच.आयओने ३१ जुलैला फुकट गेम सर्चमध्ये परत आणले, विकायचे तेवढे अडकले. थोडक्यात काय, बनवा हवं ते, फक्त पोट भरू नका.

नाटकाला सेन्सॉरने कात्री लावली तर निर्माता कोर्टात तरी जातो. इथे दाद मागायची कुणाकडे? आमच्या कामात असला निर्णय म्हणजे टेबलातला एक कॉलम असतो. हो किंवा नाही. 'का' लिहायला कॉलमच नसतो. म्हातारी गेली ते बरंच झालं, पण काळ सोकावतोय तो या रिकाम्या कॉलममुळे. आणि उद्या असला कोड लिहायचं तिकीट माझ्या नावावर आलं, तर 'का'चा कॉलम मागायची हिंमत मला होईल का?

असो. सोमवारी कळेल!