चाळीस किलोमीटरवरचं माहेर

मैत्रिणींनो, लेक जवळच्या गावी दिली की आईबापांचा जीव भांड्यात पडतो. माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं. मधे जेमतेम चाळीस किलोमीटर. "हाक मारली की येईल हो आमची लेक," असं आई कौतुकानं सांगायची.

पण माहेर किती लांब, हे किलोमीटरवर नव्हे, वेळेवर ठरतं. पेणहून वडखळ, मग नागोठणे, इथवर मुंबई-गोवा महामार्ग. नागोठण्याला वळून भिसे खिंड ओलांडली की रोहा. या महामार्गाचं पनवेल ते इंदापूर असं ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि दहा वर्षं उलटली तरी रेंगाळतच राहिलं. तेवढ्यात माझं लग्न झालं, बाळंतपण झालं, मुलगा शाळेत जाऊ लागला! गणपतीत तर विचारूच नका. सगळे चाकरमानी याच वाटेनं कोकणात निघतात, आणि गौरींना माहेरी जायचं तेही याच वाटेनं. रेल्वे आहे. १९९८ पासून मंगळूरकडे धावणारी कोकण रेल्वे सुरूच होते आमच्या रोह्यापासून. पण आपल्या अडचणीच्या वेळी गाडी असेलच असं नाही.

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली. वडील नाहीत, भाऊ पुण्याला. मी शाळेत तासावर होते. निरोप मिळताच एसटी पकडली, तरी पोहोचायला तीन तास लागले. तोवर शेजारच्या काकूंनी तिला दवाखान्यात नेऊन प्लास्टरसुद्धा करून आणलं होतं.

आईला म्हटलं, "चल पेणला." ती म्हणाली, "जावयाच्या दारी कायमची? नको गं बाई." मला काही सुचेना. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "त्यांना हलवू नकोस. शनिवारी शाळा सुटली की तू जा, रविवारी रात्री ये. घर मी बघते." या एका वाक्यानं जे साधलं, ते चार पदरी रस्त्यानंही साधलं नसतं.

ज्यांची आई एकटी राहते, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. घराची एक किल्ली शेजारी ठेवा. डॉक्टरांचा आणि रिक्षावाल्याचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. औषधं पंधरा दिवसांची एकदम भरून द्या. न्हाणीघरात आधाराला दांडी बसवून घ्या. आणि गाड्यांचं वेळापत्रक आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

रस्ता रुंद व्हायलाच हवा. तो मागणं आपला हक्क आहे. ट्रक आणि सहलीच्या मोटारींसाठी तो जितका हवा, तितकाच आपल्यासाठीही. पण तो होईपर्यंत माहेरच्या शेजारणीला विसरू नका. पेणचे पोहे-पापड नेताना मी हल्ली दोन पुडे बांधते. एक आईचा, एक काकूंचा.