लंगडी घालणारं गाणं

तुम्ही चुकलात की बाई रागावतात. पण बाईच चुकल्या तर? ऐका तर मग माझीच गोष्ट.

स्नेहसंमेलन चार दिवसांवर आलं होतं. मोबाइलवरून ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावून मी चौथीचा नाच बसवत होते. गाणं सारखं तुटायचं आणि मुलं ठेका चुकायची. आदल्या दिवशी एका मुलाच्या हातून स्पीकर पडला होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तूच बिघडवलास ना?" बिचारा मान खाली घालून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तोच हळूच म्हणाला, "बाई, स्पीकर कपाटावर ठेवला की अडखळतो. टेबलावर ठेवला तर नाही." कपाटावर होता शाळेचा वाय-फाय राउटर! त्याच वेळी ऑफिसातल्या संगणकावर व्हिडिओ उतरवणं चालायचं. मी स्पीकर टेबलावर, मोबाइलजवळ आणला. आणि काय आश्चर्य! गाणं सुरळीत!

असं का झालं? ब्लूटूथ आणि वाय-फाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी वापरतात. म्हणजे सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपनं! एकाच खोलीत दोन वर्ग मोठ्यानं पाढे म्हणू लागले तर कसा गोंधळ होईल? तसंच हे.

गाणं पाठवताना ब्लूटूथ चक्क लंगडी घालतो. ७९ घरांमधून सेकंदाला १६०० पर्यंत उड्या! वाय-फाय मात्र त्यातली साधारण वीस घरं अडवून बसतो. २००३ पासूनच्या ब्लूटूथला गजबजलेली घरं ओळखून टाळता येतात. पण राउटर अगदी कानाशी ओरडत असला, तर त्याचाही नाइलाज होतो.

उपाय सोपे आहेत. स्पीकर राउटरपासून लांब आणि मोबाइलच्या जवळ ठेवायचा. राउटरवर ५ गिगाहर्ट्झची सोय असेल, तर संगणक त्यावर जोडायचा. चालू मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्याच आसपास लुडबुड करतो, तेव्हा त्याच्यापासूनही दूर!

स्पीकर तर ठणठणीत होता. बिघडली होती माझी घाई. रागावले होते सगळ्यांसमोर, म्हणून कानही सगळ्यांसमोरच धरले. वर्ग खो खो हसला आणि तोही हसला. संमेलनात स्पीकर कुठे ठेवायचा, हे मात्र त्यालाच विचारून ठरवलं!